दाराला बांध घातला, पाणी मोरीतून आलं

प्रश्न : आम्ही परळला, हिंदमातापासून पाच मिनिटांवर, जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. ३०० चौरस फुटांचं घर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दारातून रस्त्यावर जायला दोन पायऱ्या उतराव्या लागायच्या. रस्ता चढत चढत आता घराच्या बरोबरीला आलाय. दर पावसाळ्यात दोन-तीनदा घरात पाणी शिरतं, म्हणून गेल्या वर्षी दाराला दीड फुटाचा सिमेंटचा बांध घातला. जुलैत बाहेर फूटभर पाणी साचलं. दारातून थेंब आला नाही, पण मोरीच्या जाळीतून आणि संडासातून काळं पाणी वर आलं आणि घरात सहा इंच साचलं. रस्ता कोरडा झाला तरी बांधामुळे ते बाहेर जाईना. फ्रिज गेला, सासूबाईंच्या पलंगाचा खालचा कप्पा भिजला, इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतही घाण पाणी गेलं. मिस्त्री म्हणतो, लादी फूटभर उचलू, दीड लाख लागतील. करावं का? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे.

उत्तर : ताई, दीड लाख आत्ता खर्च करू नका. तुमच्या घरात पाणी दारातून आलेलंच नाही, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. आधी मोरीची आणि संडासाची नळी बंद करायची सोय करा. लादीचा विचार त्यानंतर, आणि तेव्हाही मिस्त्री सांगतो तसा नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे प्लंबरशी नीट बोलता येईल. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं आणि मलनिःसारणाच्या वाहिन्या कागदावर वेगळ्या आहेत. रस्ता बुडाला की चेंबरच्या झाकणांतून, फुटक्या जोडांतून पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरतं आणि ती तुडुंब भरते. जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तीही ओहोटी असेल तर. ती ताशी ५० मिलीमीटरपर्यंत न्यावी असं मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये सुचवलं, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा त्यातलं बरंच काम व्हायचं होतं. तुमचा भाग तर बशीसारखा खोलगट आहे. पाणी धरून ठेवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, त्याने पाणी लवकर उतरतं. पण जोराचा पाऊस आणि ४.५ मीटरच्या वरची भरती एकत्र आली की समुद्र पाणी घेत नाही आणि तुमच्या इमारतीचा चेंबर काठोकाठ भरतो.

चेंबर भरला की त्यातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीला यायला बघतं. घरातलं जे तोंड सगळ्यात खाली, तिथून ते आधी निघतं. तुमच्या घरात ते तोंड म्हणजे मोरीची जाळी. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, जे दोन इंच, म्हणजे ५० मिलीमीटर पाणी उभं असतं, ते फक्त वास आणि झुरळं अडवतं. मागून दोन-तीन इंचांचा दाब आला की ते उलटं वर येतं. त्यामुळे दार कितीही पक्कं केलं तरी घर आतून भरणारच.

काम सुरू करायच्या आधी एक रविवार मोजमापाला द्या. हार्डवेअरच्या दुकानातून दहा मीटर पारदर्शक नळी आणा, मिस्त्री लोक पातळी काढायला वापरतात तीच. तिच्यात पाणी भरा. एक टोक जुलैच्या पाण्याची खूण जिथे भिंतीवर दिसते तिथे धरा आणि दुसरं टोक घरात फिरवा. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका. बोटाएवढा बुडबुडा राहिला तरी पातळी इंचभर चुकते. नळी उन्हात थोडी गरम करून, टिचक्या मारून तो वर काढावा लागतो. मग भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारा : रस्ता, अंगणातल्या चेंबरचं झाकण, मोरीची जाळी, संडासाच्या भांड्याची कड, सगळ्यात खालचा विजेचा प्लग, विजेचा मीटर. पुराच्या रेघेखाली जेवढी तोंडं येतील, तेवढी सगळी बंद व्हायला हवीत. एक जरी राहिलं तर पाणी तेच शोधून काढतं.

आता सांडपाण्याच्या पाइपाचा मार्ग. मागच्या घरगल्लीत वरच्या मजल्यांचे बिडाचे पाइप उतरतात. तुमची मोरी आणि संडास त्याच पाइपांना जोडलेले आहेत की वेगळे चेंबरला जातात, हे बघायला हवं. चेंबर उघडून एकाला तिथे उभं करा आणि मोरीत बादलीभर निळीचं पाणी ओता. ते स्वतंत्र तोंडातून आलं तर उत्तम. वरच्या मजल्यांच्या पाइपातून आलं, तर पुढचं वाक्य दोनदा वाचा. त्या सामाईक पाइपावर, वरच्यांची लाइन तुमच्या लाइनला मिळते त्याच्या पुढे व्हॉल्व्ह बसवला, तर चेंबरचं पाणी अडेल, पण वरच्या दोन-तीन मजल्यांचं सांडपाणी आणि संडास तुमच्या मोरीतून वर येईल. ही चूक वारंवार होते, कारण प्लंबरला खोदायला सोपं तिथे तो व्हॉल्व्ह टाकतो. म्हणून तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला नेणं हे पहिलं काम. पाइप ११० मिलीमीटरचा पीव्हीसी, उतार मीटरला अडीच सेंटिमीटर. उतार कमी झाला तर मैला बसतो.

त्या वेगळ्या लाइनवर, चेंबरच्या अलीकडे, बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवा. यात वरून टांगलेली झडप असते. आतून पाणी आलं की ती उघडते, बाहेरून आलं की मिटते. दुकानात मागताना नीट सांगा, कारण पाण्याच्या पंपाला लागतो तो स्प्रिंगचा पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पुष्कळदा हातात ठेवतात. तो सांडपाण्याला चालत नाही. त्याच्या स्प्रिंगमध्ये केस आणि चिंध्या अडकतात आणि आठवडाभरात संडास तुंबतो. झडपेबरोबर हाताने खाली दाबायचं शटर असलेला प्रकार मिळाला तर तोच घ्या. झडपेखाली प्लॅस्टिकचा एक तुकडा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, अशा वेळी शटर कामाला येतं. व्हॉल्व्हवरचा बाण चेंबरकडे असायला हवा. तो मातीत पुरू देऊ नका. त्याभोवती हात घालून साफ करता येईल एवढा छोटा विटांचा चेंबर बांधून घ्या. मे अखेरीस एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा झडप उघडून धुवा. व्हॉल्व्ह बसवून विसरलेल्या घरात दुसऱ्या वर्षी पाणी येतं ते यामुळेच.

व्हॉल्व्ह मिटलेला असताना घरातलं पाणी बाहेर जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्या तीन-चार तासांत अंघोळ नाही, भांडी नाहीत, फ्लश नाही. सासूबाईंसाठी बेडपॅन किंवा झाकणाची बादली आधीच काढून ठेवा.

हे काम होईपर्यंतचा पाऊस निभवायला एक साधी, फार कामाची युक्ती आहे. मोरीची जाळी काढा आणि ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसेल असा ७५ मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा दोन फुटांचा तुकडा रबरी रिंग लावून उभा बसवा. पाणी त्या पाइपात वर चढतं, बाहेरच्या पातळीला आलं की थांबतं आणि घरात सांडत नाही. पाइपाची उंची पुराच्या रेघेपेक्षा अर्धा फूट जास्त ठेवा. ट्रॅपचं माप जुनं असेल तर चाकाच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून फट भरा. मोरीला असा पाइप उभा करता येतो, संडासाला येत नाही. तिथे प्लंबर लाइन तपासायला वापरतात तो रबरी टेस्टिंग प्लग घ्या. त्याचा नट फिरवला की रबर फुगून पाइपाला चिकटतं. भांड्याच्या तोंडाचं माप प्रत्यक्ष घेऊनच तो आणा. प्लग मिळाला नाही तर जाड पिशवीत वाळू भरून, तिला प्लॅस्टिकमध्ये बांधून भांड्यात दाबून बसवा. फूटभर पाण्याचा चार इंची तोंडावरचा जोर जेमतेम अडीच किलोचा असतो, त्यामुळे दहा किलोची पिशवी उचलली जात नाही. गळतं ते कडेच्या फटीतून. म्हणून पिशवी गच्च भरू नका, मऊ ठेवा, म्हणजे ती भांड्याचा आकार घेते.

तुमचा दाराचा बांध वाईट नाही, पण कायमचा बांध म्हणजे सासूबाईंना रोज दीड फूट ओलांडायचं. आणि तुम्हीच लिहिलंय तसं, आलेलं पाणी तोच आत धरून ठेवतो. तो फोडून चौकटीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे यू चॅनल बसवा आणि त्यात वरून सरकवायची १८ मिलीमीटर मरीन प्लायची फळी करून घ्या. फळीच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना मऊ रबराची पट्टी लावायची. खालचा उंबरा गुळगुळीत आणि एका पातळीत नसेल तर फळी कितीही दाबली तरी तिथून पाणी येतं, म्हणून तिथे ग्रॅनाइटची पट्टी टाका. पाऊस संपला की फळी उचलायची, आतलं पाणी बाहेर. फळी दोन फुटांच्या वर करू नका. दोन फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १८० किलोचा रेटा देतं, तीन फुटांना तो ४०० किलोच्या पुढे जातो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीशी हा खेळ करू नये. पाणी दोन फुटांच्या वर चाललं की ते अडवायचं सोडा आणि माणसं वरच्या मजल्यावर न्या.

फळीच्या कडेने आणि भिंतीतून थोडं झिरपेलच. ते काढायला मोरीच्या कोपऱ्यात एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा ठेवून अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप ठेवणारे लोक आहेत. झिरपणाऱ्या पाण्याला तो पुरतो. मोरी वाहत असताना तो लावून उपयोग नाही. ३०० चौरस फुटांत सहा इंच पाणी म्हणजे सव्वाचार हजार लिटर, आणि तुम्ही उपसाल तेवढं चेंबर परत देईल. शिवाय वीज बंद केल्यावर पंपही बंद.

आता लादी. जमिनीवरची लादी उचलणं चूक नाही. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिलीमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं. तुमच्या इमारतीचं जोतं तसं होतंही, ते वरचा थर न खरवडता रस्त्यावर थरावर थर टाकून गिळलं गेलं. याचा राग येणं रास्त आहे. पुढच्या वेळी रस्त्याचं काम निघेल तेव्हा आधीचा थर खरवडून काढा, अशी लेखी मागणी सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला द्या, काम सुरू व्हायच्या आधी. पण मिस्त्री सांगतो ते एक फूट तुम्हाला पुरत नाही. जुलैचं पाणीच फूटभर होतं. निदान दीड फूट लागेल. राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, साधारण नऊ फूट राहायला हवी, तेव्हा छत साडेदहा फुटांहून कमी असेल तर विषय तिथेच संपतो. सात फुटांचं दार साडेपाच फुटांचं होईल, म्हणजे चौकट आणि तिच्यावरची आडवी तुळई (लिंटेल) दोन्ही हलवावे लागतील. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोरी आणि संडास. पाइप हलवायला नको म्हणून मिस्त्री बाहेरची खोली उचलतात आणि मोरी आहे तिथेच ठेवतात. मग मोरीची विहीर होते. उचलायचं असेल तर भांडं, ट्रॅप, सगळं उचलायला हवं, आणि ते करायचं म्हणजे लाइन नवी टाकावीच लागते. म्हणून मघाशी लाइन आधी म्हटलं. लाइन आणि व्हॉल्व्ह झाल्यावर एक पावसाळा बघा. पुष्कळ घरांना त्यापुढे काही लागत नाही.

विजेचं काम मात्र पावसाची वाट न बघता करा. खालचे सगळे प्लग साडेचार फुटांवर न्या आणि वायरिंग वरून खाली उतरवा. जमिनीतून गेलेल्या नळ्यांमध्ये पाणी आठवडे राहतं. मेन स्विचजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. जाळीतून पाणी यायला लागलं की पाय कोरडे असतानाच मेन बंद करा. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर आत पाऊल टाकू नका, बेस्टला फोन करून बाहेरून पुरवठा बंद करून घ्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर तळाशी मागे असतो, नवा फ्रिज दीड फूट उंच सिमेंट ब्लॉकच्या ओट्यावर ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरीही वर. गॅस सिलिंडर पाण्यात तरंगतो, आडवा होतो आणि नळी ओढतो. रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावा आणि तो भिंतीतल्या कडीला साखळीने उभा बांधा.

भरतीचं वेळापत्रक स्वयंपाकघरात चिकटवा. ४.५ मीटरच्या वरचे दिवस लाल पेनाने खूण करा. त्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर भरतीच्या वेळेआधी तीन तास पाइप, प्लग, फळी, सगळं लावून घ्या आणि सासूबाईंना उजेडातच वर पाठवा. रात्री अंधारात, काळ्या पाण्यातून त्यांना उचलून नेणं हाच या सगळ्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. भरती-ओहोटीत सहा तासांच्या थोडं वर अंतर असतं, त्यामुळे पाऊस थांबला असेल तर पाणी कधी उतरायला लागेल याचा अंदाज त्याच कागदावर मिळतो. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

पाणी उतरल्यावर साफसफाईच्या आधी फोटो काढा, भिंतीवरच्या ओल्या रेघेला टेप लावून. घराचा विमा असेल तर त्याच दिवशी कळवा. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर येतो, सामानही येतं.

मग चिखल. तो आधी पूर्ण खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. घाणीवर थेट ब्लीचिंग पावडर टाकली तर तिचा क्लोरीन घाणच खाऊन टाकते. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्के असतो. त्या हिशेबाने दहा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत १५० ग्रॅम कालवा, निवळू द्या आणि वरचं पाणी लादीवर, दोन फुटांपर्यंत भिंतीवर आणि भांड्यात टाका. अर्ध्या तासाने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. या पावडरीबरोबर संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. भिजलेली गादी टाकून द्यावी लागेल, ती वाळते पण शुद्ध होत नाही. भिजलेले एमसीबी आणि स्विच बदला. नुसते वाळवून चालू केलेले पुढे गंजून आग लावतात.

त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टोस्पायरोसिस पायाच्या बारीक चिरेतूनही शिरतो. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाने २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना औषध वेगळं असतं, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. सासूबाईंना मधुमेह आहे, पायाची जखम त्यांना जाणवणारही नाही. त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात रोज बघा. पुढच्या महिनाभरात कोणालाही ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल असं काही झालं तर पुराच्या पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

जमिनीखालच्या टाकीचं काम सोसायटीचं आहे. पाणी शिरल्याचा संशय आला की पहिल्यांदा पंप बंद करा, नाहीतर तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत जाऊन सगळ्या मजल्यांच्या नळांना येईल. टाकी पूर्ण उपसून घासून घ्यायची, मग भरून दर हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि बारा तास तसंच ठेवून ते पाणी सोडून द्यायचं. टाकीत माणूस उतरवायचं काम फक्त हवा खेळवायची साधनं असलेल्या टाकी सफाईवाल्यांकडून करून घ्या, बंद टाकीत माणसं गुदमरून मरतात. ते होईपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं. कायमचा उपाय म्हणजे टाकीच्या तोंडाभोवती विटांची दोन फुटी कॉलर आणि रबर लावलेलं झाकण. ओव्हरफ्लोचा पाइपही तेवढाच वर न्या, कारण झाकण बंद असताना पुष्कळदा पाणी तिथून जातं.

लाइन आणि व्हॉल्व्हचं काम परवानाधारक प्लंबरकडून, सोसायटीच्या लेखी परवानगीने, मे महिन्यात करून घ्या आणि त्याचे पैसे पूर्ण चुकते करायच्या आधी चाचणी मागा. वरच्या मजल्यांना सांगून तासभर पाणी बंद ठेवायचं, चेंबरचं बाहेर जाणारं तोंड टेस्टिंग प्लगने बंद करायचं आणि होजने चेंबर झाकणापर्यंत भरायचा. मोरीत कोरडा वर्तमानपत्राचा कागद जाळीवर अंथरा, एक संडासाच्या भांड्याभोवती. अर्ध्या तासाने कागद ओला झाला असेल तर झडप नीट मिटत नाही किंवा जोड गळतो आहे. प्लंबर तिथे असतानाच खोलून घ्या.